‘पाहुणा’ म्हणण्यापूर्वी तारीख पाहावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर स्वर्गीय नर्तकाचे एक अतिशय देखणे छायाचित्र प्रसिद्ध झाले. फांदीच्या बेचक्यात कोळिष्टकांनी घट्ट बांधलेले वाटीएवढे घरटे, त्यातून वर आलेल्या तीन उघड्या चोची आणि घरट्याच्या काठावर बसलेला, शेपटीच्या दोन लांब फिती खाली सोडलेला पांढराशुभ्र नर, असे ते दृश्य होते. छायाचित्रकाराचे कौतुक करावे तेवढे थोडेच. मात्र त्याखाली ‘दूरदेशीचा पाहुणा आला आपल्या रानात’ अशी ओळ होती आणि ठिकाण म्हणून फक्त ‘सह्याद्री’ असे छापले होते, तारीख नव्हतीच. जो पक्षी इथे घरटे बांधून पिल्ले भरवतो आहे, तो पाहुणा कसा? पाहुणा दुसऱ्याच्या घरी संसार थाटत नाही. ही चूक किरकोळ वाटेल, पण माशीमार पक्ष्यांविषयी (उडते कीटक टिपून खाणारा नर्तकही त्यांतलाच) आपल्याकडे जी माहिती साचत चालली आहे तिच्यातला मूळ दोष या एका ओळीत दिसतो, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

स्वर्गीय नर्तकाला काही भागांत बाणपाखरू म्हणतात, आणि शेजारच्या मध्य प्रदेशाने दूधराज या नावाने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. या पक्ष्याची एक उपजाती मध्य आणि दक्षिण भारतात राहते व इथेच वीण करते. दुसरी उपजाती पश्चिम हिमालयात आणि त्याच्या पलीकडच्या डोंगराळ मुलखात उन्हाळ्यात वीण करून हिवाळ्यात खाली उतरते आणि द्वीपकल्पातही येते. म्हणजे जानेवारीत ओढ्याकाठी दिसलेला नर्तक इथलाच आहे की हिमालयातून आलेला, हे नुसत्या ‘दिसला’ या शब्दावरून सांगता येत नाही. जूनमध्ये घरट्यावर बसलेला नर्तक मात्र निःसंशय इथला. एकाच जागी, एकाच झाडावर, वर्षातल्या दोन वेगवेगळ्या महिन्यांत दिसणारे हे पक्षी दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात, आणि त्या वेगळ्या करायला आपल्या हाती तारीख आणि पक्षी काय करत होता याचे वर्णन, एवढीच साधने असतात. आपल्या ओळीत नेमक्या या दोन्ही गोष्टी गाळल्या गेल्या आणि त्यांच्या जागी एक काव्यमय शब्द आला.

मी स्वतः अनेक वर्षे वहीत नोंदी ठेवतो, त्यामुळे हे सांगताना माझीही एक फजिती सांगणे भाग आहे. पावसाची पहिली झड येऊन गेलेल्या दिवसांत एका ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर मला नर्तकाचे घरटे सापडले होते. खाली पाण्याचा आवाज, वर कोतवालाची जोडी कोणालाही जवळ फिरकू देत नव्हती (कोतवालाच्या शेजारी घरटे बांधण्याची नर्तकाची सवय जुनीच आहे, फुकटचा पहारेकरी कोणाला नको असतो?), आणि घरट्यावर आळीपाळीने बसणारे दोन्ही पक्षी तांबूस, आखूड शेपटीचे. मी वहीत बिनदिक्कत लिहिले, ‘दोन माद्या एकाच घरट्यावर’. सुदैवाने त्याच ओळीपुढे आणखी चार शब्द लिहिले होते, ‘एकीचा गळा पूर्ण काळा’. पुढे कळले की स्वर्गीय नर्तकाच्या तरुण नराला लांब फिती यायला दोन-तीन वर्षे लागतात, काही नर पांढरे न होता तांबूसच राहतात, आणि असे आखूड शेपटीचे तांबूस नरही जोडी जमवून वीण करतात. मादीचा गळा राखाडी असतो, नराचा काळा. म्हणजे माझ्या ‘दोन माद्यां’पैकी एक बापच होता. निष्कर्ष चुकला होता. पण जे पाहिले ते तसेच लिहिलेले असल्यामुळे चूक अनेक वर्षांनंतर घरबसल्या दुरुस्त करता आली. वर्णन न लिहिता नुसते ‘मादी २’ असे लिहिले असते, तर ती नोंद कायमची खोटी राहिली असती.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर लाल छातीच्या माशीमाराच्या बाबतीत घडली आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत आपल्या आमराया, बागा आणि झाडीतून शेपटी झटकन वर उडवत ‘टिर्रर्र’ करणारा हा चिमणीहूनही लहान पक्षी बहुतेकांनी पाहिलेला असतो, ओळखला नसला तरी. पूर्वी ज्याला एकच जात मानत, तिच्या आता दोन जाती मानतात. एक पूर्व युरोप आणि पश्चिम रशियात वीण करणारी, दुसरी सायबेरियात वीण करणारी तैगा माशीमार. पहिली हिवाळ्यात मुख्यतः भारतीय उपखंडात येते. दुसरीचा ओढा भारताच्या पूर्व भागाकडे आणि आग्नेय आशियाकडे अधिक आहे. दोघींच्या माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी दुरून सारखेच तपकिरी दिसतात. फरक ओळखायचा तो चोचीच्या खालच्या भागावरून, जो पहिलीत फिकट आणि दुसरीत काळा असतो, शेपटीच्या मुळावरच्या पिसांच्या गडद काळेपणावरून, आणि आवाजाच्या गतीवरून. तैगाची कर्कर अधिक जलद असते. आता विचार करा, या दोन जाती वेगळ्या मानल्या जाण्यापूर्वी महाराष्ट्रभर ज्या शेकडो वह्यांत ‘लाल छातीचा माशीमार, १’ असे लिहिले गेले, त्यांतल्या कोणत्या नोंदी कोणत्या जातीच्या? ज्यांनी चोचीचा रंग लिहिला त्यांच्या नोंदी टिकल्या. बाकीच्या कोणत्या खात्यात टाकायच्या, याचे उत्तर आता कोणीच देऊ शकत नाही. पक्षी गेला, वर्ष गेले, आणि ती संधीही गेली.

नावांचा गोंधळ यात आणखी भर घालतो. आपण ज्यांना सरसकट माशीमार म्हणतो ते सगळे एका कुळातले नाहीत. स्वर्गीय नर्तक आणि काळ्या मानेचा निळा माशीमार एका कुळातले, पंख्यासारखी शेपटी पसरणारी नाचण दुसऱ्या, राखाडी डोक्याचा पिवळा माशीमार तिसऱ्याच. आणि ज्याला कोणी माशीमार म्हणत नाही तो आपला दयाळ मात्र आजच्या वर्गीकरणात माशीमारांच्या मुख्य कुळात बसतो. मराठी नावे गोड आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत, पण गावोगाव बदलणाऱ्या नावाशेजारी नोंदीत शास्त्रीय नाव असावे, हे मी आग्रहाने सांगेन.

तपकिरी माशीमार हा तर आपला जवळचाच. विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची जी यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात या पक्ष्याला त्याने पुण्यावरून ‘पूनेन्सिस’ असे नाव दिले होते. हा पक्षी सायबेरियापासून जपानपर्यंत आणि हिमालयात वीण करतो व हिवाळ्यात दक्षिणेकडे पसरतो. पण द्वीपकल्पातल्या काही डोंगराळ भागांतही तो तुरळक वीण करतो, असे जुन्या पक्षिग्रंथांत नमूद आहे. साहजिकच नोव्हेंबरात बागेत दिसलेल्या तपकिरी माशीमाराची नोंद सामान्य ठरते आणि मे-जूनमध्ये डोंगरउतारावर चोचीत कोळिष्टक धरून उडालेल्या त्याच पक्ष्याची नोंद अमोल ठरते. पहिली नोंद शेकडो जण करतात. दुसरी करायची तर उकाड्यात, घाम पुसत, काटेरी झुडपांत तासभर न हलता उभे राहावे लागते आणि कॅमेऱ्यात काही विशेष मिळत नाही. म्हणून ती होत नाही. याच पक्ष्याचा एक जुळा म्हणावा असा तपकिरी छातीचा माशीमार ईशान्य भारत, म्यानमार आणि दक्षिण चीनकडून येऊन नैर्ऋत्य भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढतो. त्याच्या शास्त्रीय नावात ‘मुत्तू’ हे नाव आहे. १८५४ मध्ये एडगर लेअर्ड या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने हे नाव दिले ते श्रीलंकेतल्या आपल्या मुत्तू नावाच्या सेवकावरून, ज्याने त्याच्यासाठी पक्षी शोधले. साहेबांच्या आणि लॉर्डांच्या नावांनी भरलेल्या त्या काळच्या यादीत एका नोकराचे नाव टिकले, याचे मला नेहमी समाधान वाटते.

वाटसरूंची गोष्ट निराळी. काश्मिरी माशीमार वायव्य हिमालयात, मुख्यतः काश्मीर भागात वीण करतो आणि हिवाळा श्रीलंकेच्या डोंगरांत व पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात काढतो. जागतिक यादीत तो संकटग्रस्ततेच्या ‘असुरक्षित’ वर्गात आहे. काश्मीरहून श्रीलंकेला जाणाऱ्या इवल्याशा पक्ष्याला मधला सगळा द्वीपकल्प ओलांडावा लागतो, दोनदा, आणि कुठेतरी थांबून पोट भरावे लागते. त्याचे मधले थांबे कोणते, हे सांगू शकणारे लोक म्हणजे ऑक्टोबरात आणि मार्च-एप्रिलमध्ये आपापल्या गावच्या झाडीत दुर्बीण घेऊन फिरणारे तुम्ही-आम्ही. पण हा पक्षी लाल छातीच्या माशीमाराशी सहज घोटाळा होईल असा आहे. त्यामुळे घाईने ‘लाल छातीचा’ म्हणून सोडून दिलेला एखादा पक्षी काश्मिरी असू शकतो, आणि हौसेने ‘काश्मिरी’ म्हणून जाहीर केलेला पक्षी लाल छातीचाच असण्याची शक्यता तर त्याहून मोठी. दोन्हींवर उपाय एकच. नराच्या गळ्या-छातीवरचा तांबडा रंग कुठपर्यंत उतरतो, त्याला काळी किनार आहे का, हे जागेवरच लिहून ठेवणे. स्थानिक भटकंती हा आणखी एक पेच. टिकेलचा निळा माशीमार हा आपल्याकडचा बारमाही रहिवासी. बांबूच्या आणि पानगळीच्या रानात, दरडीच्या कपारीत तो घरटे करतो. हिवाळ्यात तो शहरातल्या बागेत उतरला की मोबाइलवरच्या समूहांत ‘पाहुणा आला’ म्हणून गजर होतो. तो परदेशातून आलेला नसतो, शेजारच्या टेकडीवरून आलेला असतो.

तारखांचा एवढा आग्रह कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे सर्वांत चांगले उत्तर युरोपातल्या एका माशीमारानेच दिले आहे. नेदरलँड्समध्ये कबरा माशीमार लाकडी पेट्यांत घरटी करतो, त्यामुळे त्याने पहिले अंडे कोणत्या दिवशी घातले याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवता आल्या. हा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. युरोपातला वसंत लवकर येऊ लागला, झाडांवरच्या सुरवंटांचा भर पूर्वीपेक्षा आधी होऊन ओसरू लागला. पण आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता, त्याची परतीची वेळ फारशी बदलली नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्याने अंडी घालण्याची तारीख अलीकडे ओढली खरी, पण पुरेशी नाही, कारण पोहोचण्याच्या आधी अंडी घालणे कोणालाही शक्य नसते. २००६ च्या पुढच्या अभ्यासात, जिथे सुरवंटांचा भर सर्वांत लवकर येत होता तिथली या पक्ष्यांची संख्या साधारण दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा सगळा शोध कोणत्याही देखण्या छायाचित्रावर उभा नव्हता; ‘पहिले अंडे, अमुक तारीख’ अशा रुक्ष ओळींवर उभा होता. आपल्या स्वर्गीय नर्तकाची वीण साधारण मे ते जुलै, म्हणजे वळवापासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंतच्या काळात होते. पाऊस लांबला, एकदम कोसळला किंवा मधेच उघडला तर कीटकांचे काय होते आणि घरट्याचे काय होते, हे सांगायला आपल्याकडे अशा रुक्ष ओळी किती आहेत?

नोंदी अजिबात नाहीत असे नाही. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघते आणि त्यातल्या छोट्या टिपणांत अशा कितीतरी ओळी जपल्या गेल्या आहेत. अलीकडे पक्ष्यांच्या याद्या ऑनलाइन भरण्याच्या ई-बर्डसारख्या व्यासपीठामुळे सामान्य पक्षिनिरीक्षकाची यादीही विज्ञानाच्या कामी येते; २०२३ चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर आधारलेला होता आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला. हे काम मोठेच आहे. पण त्यातून प्रामुख्याने कळते ते पक्षी कुठे आहे आणि वाढतो की घटतो हे. घरटे कधी बांधले, किती अंडी होती, किती पिल्ले उडाली, हे कळायला वेगळ्या प्रकारची चिकाटी लागते. ब्रिटनमध्ये घरट्यांच्या नोंदींची योजना १९३९ पासून चालू आहे. आपल्याकडे ई-बर्डवर यादी भरतानाही वीण-वर्तनाचा रकाना असतोच, ‘चोचीत घरट्याचे साहित्य’, ‘पिल्लांना भरवताना’ अशा पर्यायांसह. मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांत तो कोराच असतो.

याचे एक कारण आपण उत्साह कोणत्या महिन्यात दाखवतो यात आहे. राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या दोघांच्या जन्मदिवसांना जोडणारा हा आठवडा आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण नोव्हेंबरात विणीचा हंगाम उलटलेला असतो आणि बहुतेक हिवाळी माशीमार येऊन स्थिरावलेले असतात. म्हणजे ते कधी आले हेही निसटते आणि इथल्यांनी काय केले हेही. शाळांच्या सहली, शिबिरे, बातम्या सगळे त्या आठवड्यात. सप्टेंबरातला पहिला माशीमार आणि जूनमधले घरटे मात्र कोणाच्याच कार्यक्रमात नाही. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्यानुसार गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. त्यांत पक्ष्यांच्या नावांची यादी असते. त्या यादीत फक्त दोन रकाने वाढवावेत, ‘कोणत्या महिन्यात’ आणि ‘वीण करतो का’, एवढीच माझी अपेक्षा आहे. गुराखी, मध गोळा करणारे आणि वनरक्षक यांना याची उत्तरे ठाऊक असतात. त्यांना कोणी विचारत नाही.

घरट्याच्या नोंदी वाढवा असे म्हणताना एक भीतीही बोलून दाखवली पाहिजे. नर्तकाचे घरटे सापडले की दुसऱ्या दिवशी तिथे दहा कॅमेरे उभे राहतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या कापल्या जातात, आणि ज्या पानांच्या सावलीने घरटे झाकले होते ती पाने गेल्यावर ऊन आणि कावळा, दोघांनाही वाट मोकळी होते. मी एका घरट्याखाली अशा ताज्या कापलेल्या डहाळ्यांचा ढीग पाहिला आहे. दोन दिवसांनी घरटे रिकामे होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची वा घरट्यांची छेडछाड ‘शिकारी’च्या व्याख्येत मोडते, हे हातात महागडी लेन्स असलेल्या कितीजणांना माहीत आहे? नर्तकाची अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पिल्ले उडायला आणखी दहा-बारा दिवस. एवढे दिवस थांबून, दुरूनच पाहून, पिल्ले उडाल्यावर नोंद जाहीर केली आणि ठिकाण तालुक्यापुरतेच सांगितले, तर अभ्यासाचे काहीही नुकसान होत नाही.

जुन्या वह्यांचा प्रश्नही तितकाच तातडीचा आहे. आमच्या परिचयातले एक ज्येष्ठ निरीक्षक वारले, तेव्हा त्यांच्या काही दशकांच्या रोजनिशा घर आवरताना रद्दीत गेल्या. आम्हाला कळेपर्यंत महिना उलटला होता. त्यांत दरवर्षी पहिला लाल छातीचा माशीमार आपल्या अंगणात कधी आला याची तारीख असे, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. आज त्यातली एकही तारीख मला आठवत नाही. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्यांची मोबाइलवर छायाचित्रे तरी काढून ठेवावीत, आणि शक्य असल्यास जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे त्या सुपूर्द कराव्यात.

आपल्याला एक छोटी विनंती आहे. पक्ष्याचे छायाचित्र छापताना त्याखाली तारीख, तालुका आणि पक्षी काय करत होता, एवढे द्यावे. अंडी अथवा उघडी पिल्ले असलेल्या घरट्याची जवळून काढलेली छायाचित्रे मात्र शक्यतो छापूच नयेत. आणि गेल्या आठवड्यातल्या त्या छायाचित्राची तारीख छायाचित्रकाराकडे नक्कीच असेल, कारण ती कॅमेरा आपोआप नोंदवतो. ती विचारून आपण येत्या अंकात ‘स्वर्गीय नर्तक, नर, तीन पिल्लांना भरवताना’ या शब्दांसह छापावी. पाने कापून चित्र काढले नसेल, तर तालुक्याचे नावही छापण्यास हरकत नसावी. मी माझ्या वहीत ती ओळ लिहून घेण्यासाठी जागा सोडून ठेवली आहे.

आपला,
एक नियमित वाचक व पक्षिनिरीक्षक